चपलांच्या ढिगापाशी बसणारे डॉक्टर

पहिल्या भेटीत माणसं एकमेकांचा चेहरा पाहतात, निदान पाहिल्यासारखं तरी करतात. डॉक्टर थेट पाय पाहायचे. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आम्हां मराठी लोकांची जेमतेम तीस-पस्तीस घरं होती, आणि त्या सगळ्या घरांतले पाय डॉक्टरांना तोंडपाठ होते. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. उन्हाळ्यात कुठे दुकानात गाठ पडली आणि मी "नमस्कार डॉक्टर" म्हणालो, की ते माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहायचे. मग नजर खाली माझ्या सँडलकडे जायची आणि ओळख पटायची. "अरे, तुम्ही! करंगळीला कुरूप असलेले. बरे आहात ना बाप्पा?"

ते मूळचे नागपूरकडचे, नसांचे डॉक्टर. तरुणपणी तिकडे कुष्ठरोग्यांच्या एका दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. बधिर झालेल्या पायांची जी विद्या ते तिथे जमिनीवर मांडी घालून शिकले, तीच इथे न्यू जर्सीत एका हॉस्पिटलात मधुमेहाच्या पेशंटांवर चालवत होते. त्यांना काका म्हटलेलं खपत नसे. "काका म्हटलं की माणूस सल्ला ऐकतो आणि विसरतो," ते म्हणायचे. "डॉक्टर म्हटलं की निदान घाबरतो तरी." स्वतः मात्र ते सगळ्यांना अहो-जाहो करत. पाळण्यातल्या बाळालासुद्धा. "काय म्हणता, दात येताहेत का तुम्हाला?"

कार्यक्रम कोणाकडेही असो, गॅरेजच्या दारात चपलाबुटांचा ढीग पडायचा आणि ढिगाशेजारी घडीच्या खुर्चीवर डॉक्टर बसलेले असायचे. आत भजन, बाहेर डॉक्टर. एकेक जोडा उचलून उलटा करायचे, तळ बघायचे आणि आतल्या गर्दीकडे निरोप पाठवायचे. "हे तपकिरी कोणाचे? त्यांना म्हणावं, टाच घासत चालता. पाय उचला." घरच्या बायका त्यांचं ताट बाहेरच आणून द्यायच्या. ते स्वतः अनवाणी कधीच होत नसत. घरातले वेगळे, स्वच्छ बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन यायचे आणि दारात बदलायचे. एकदा एका काकूंनी तोंड वाकडं केलं, "अहो, आत देव आहेत!" तर म्हणाले, "देव खडावा घालतात. मी काहून अनवाणी फिरू?"

नवीन लग्न झालेली जोडपी त्यांच्या पाया पडायला वाकायची आणि नेमके त्याच क्षणी डॉक्टर त्यांचे पाय बघायला खाली वाकलेले असायचे. दोन टाळकी एकमेकांवर आपटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला आहे. त्यातलं एक माझं होतं.

आता माझ्याविषयी. तेव्हा माझं वय चौतीस, नोकरी कॉम्प्युटरची, आणि रक्तातली साखर, माझ्याच शब्दांत, "बॉर्डरवर". ती बॉर्डर ओलांडून तीन वर्षं झाली होती हे मला माहीत होतं, पण मी तसं कोणाला सांगत नव्हतो. हिवाळ्यात घरात सपाता घालून हिंडताना एखादी सपाता पायातून निसटायची आणि मला पत्ताच नसायचा. बायको म्हणायची, "अहो, तुमची सपाता स्वयंपाकघरात, आणि तुम्ही इथे टीव्हीपुढे!" मी ते माझ्या विचारमग्न स्वभावाच्या खाती जमा केलं होतं. बायकोनं ते डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि एका रविवारी त्यांना पोह्यांना बोलावलं.

डॉक्टरांच्या खिशात पेनाच्या जागी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला ट्यूनिंग फोर्क असायचा. तो गुडघ्यावर ठोकून त्यांनी माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर कळते?" मी म्हणालो, "थोडी." मग त्यांनी आइस्क्रीमची काडी काढली. काडीच्या टोकाला मासे पकडायच्या गळाचा नायलॉनचा जाडसर धागा चिकटवलेला होता. हे यंत्र त्यांनी स्वतः बनवलेलं. "डोळे मिटा. तळपायाला धागा लावला की हो म्हणा."

मी डोळे मिटले. काही कळेना. पण परीक्षेत कोरा पेपर द्यायची मला सवय नव्हती. मी अंदाजानं एक ताल धरला. "हो." दोन श्वास थांबलो. "हो." मध्ये एकदा खरेपणा वाटावा म्हणून "अं... हो" असंही म्हणालो. आपलं बरं चाललंय असं वाटत असतानाच माझी सहा वर्षांची मुलगी मोठ्यानं म्हणाली, "डॅडी, ही इज नॉट इव्हन टचिंग यू! ही इज ड्रिंकिंग टी!"

डोळे उघडले. डॉक्टर समोर सोफ्यावर बशीत ओतलेला चहा फुंकत होते. "घ्या घ्या, चालू द्या," ते म्हणाले. "मी दोन मिनिटं झाली इथे बसलोय. सात वेळा हो म्हणालात. आवाज चांगला आहे तुमचा."

बायको हसली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा जरा कसंसं झालं.

पोहे खाताना डॉक्टरांची नजर छताकडे गेली. तिथे स्मोक अलार्मचा डबा झाकण उघडं टाकून लोंबकळत होता. "याची बॅटरी?"

"ड्रॉवरमध्ये," बायको म्हणाली. "फोडणी दिली की बोंबलतो मेला. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनीच काढून ठेवल्यात."

"मग आग लागल्यावर कळणार कसं?"

"वास येईल की," मी म्हणालो.

"नाकानं आग ओळखणारे! ऐका. साखर जास्त दिवस चढलेली राहिली की सगळ्यांत लांबच्या नसा आधी मरतात. सगळ्यांत लांब म्हणजे पाय. दुखणं म्हणजे हा डबा आहे. कटकट करतो, पण कामाचा. तुमच्या पायातली बॅटरी साखरेनं काढून नेलीय. आता तिथं आग लागली तरी तुम्ही इथं पोहे खात बसाल." मग त्यांनी बजावलं, की बूट पायात घालण्याआधी दर वेळी उलटा करून झटकायचा, आत हात फिरवून बघायचा. आणि बुधवारी क्लिनिकला यायचं. मी "नक्की, नक्की" म्हणालो. बुधवारी मीटिंग होती. पुढच्या बुधवारीही होती. मी दोन्ही मीटिंगांना आनंदानं गेलो.

मग आला गणपती. मंडळाचे त्या वर्षीचे पुजारी म्हणजे एक केमिकल इंजिनिअर. हौस दांडगी. घरूनच पितांबर नेसून गाडी चालवत आले. पितांबराला खिसा नसतो, म्हणून त्यांनी गाडीची किल्ली डाव्या बुटात घालून बूट ढिगात ठेवले. किल्लीच्या कडीला पितळेचा छोटा गणपती होता. बूट तपकिरी लोफर. माझेही तपकिरी लोफर. मॉलमधल्या एकाच सेलमध्ये अर्ध्या मंडळानं तेच घेतले होते.

त्या दिवशी मी उकडीचे पाच मोदक खाल्ले, तेही तुपासकट. बाहेर डॉक्टर बसलेले. पाच मोदक पोटात घेऊन त्यांच्यासमोरून जायचं माझं धाडस नव्हतं. म्हणून ते हात धुवायला आत येईपर्यंत मी दाराआड दबा धरून बसलो आणि ते येताच सटकलो. बायको आणि मुलगी गाडीत बसल्याच होत्या. ढिगातून तपकिरी लोफर ओढले, पाय कोंबले. जरा घट्ट वाटले. मोदक असे तडक पायात उतरतात हे मला नवीन होतं, एवढंच मनात आलं.

वाटेत मॉल लागला. तिथे मुलीच्या वह्या, बायकोचा टोस्टर आणि माझं उगाच भटकणं यांत दीड तास गेला. घराचं कुलूप उघडतोय तोच आत फोन वाजताना ऐकू आला. मी तसाच धावलो. मागून बायको ओरडली, "अहो, बूट! कार्पेटवर बूट!"

"डॉक्टर बोलतोय," फोनमधून आवाज आला. "दोन तास लावतोय फोन. पायात कोणाचे बूट आहेत?"

"माझे."

"तुमचे माझ्या मांडीवर आहेत. दहा नंबर. तुम्ही नऊ नंबर घालून गेलात. इथे पुजारीबुवा पितांबर नेसून ड्राइव्हवेत उभे आहेत आणि गाडीची किल्ली नाही. मी हिशेब केला, एक नंबर लहान बूट, आत किल्ली, वर पितळेचा गणपती, आणि तरी रस्त्यापर्यंत जाऊन परत न आलेला माणूस कोण? आपल्या मंडळात असा एकच आहे. डावा बूट काढा."

मी काढला. बुटातून किल्ली खळकन पडली. बायकोनं आधी खाली पाहिलं आणि गालावर हात मारून घेतले. "अगं बाई, गणपती पायाखाली!" तिनं तो उचलून कपाळाला लावला, आणि मग तिला हातावर रक्त दिसलं. माझा पांढरा मोजा अंगठ्यामागे लाल झाला होता. तळव्यावर गणपतीचा ठसा उमटलेला होता असं तिनं सांगितलं. सोंड डावीकडे.

मी पाहिलं नाही. मी फोनमध्ये म्हणालो, "थोडंसं खरचटलंय."

"उद्या सकाळी आठ वाजता या," डॉक्टर म्हणाले.

इथे माझ्या मूर्खपणाची खरी मोठी पायरी येते. मी गेलो नाही. बायकोला सांगितलं, डॉक्टरांशी फोनवर बोललोय. जखमेवर तिनं हळद दाबली, मी पट्टी चिकटवली आणि दहा दिवस ऑफिसला जोडे घालून गेलो. दुखत नाही त्याअर्थी बरं होतंय, असा माझा इंजिनिअरी निष्कर्ष होता. अकराव्या दिवशी मोजा पायाला चिकटला आणि खोलीत वास सुटला. बायकोनं मला तसंच गाडीत घातलं.

क्लिनिकमध्ये एक तरुण अमेरिकन सर्जन होता. त्यानं एक्स-रे दिव्यावर धरला, हाडाजवळची जागा दाखवली आणि हवामान सांगावं तशा आवाजात म्हणाला की जखम आणखी खोल गेली तर डावा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल. डॉक्टरांनी त्याच्याकडे सहा आठवडे मागितले. ते मला एकदाही टोचून बोलले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

आधी आठवडाभर जखम साफ करणं आणि औषधं. मग डॉक्टरांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि मोडलेलं काही नसताना गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालायला लागले. "चालताना सगळा भार एका जागी पडतो, तिथेच जखम होते," ते म्हणाले. "प्लास्टरनं भार सगळ्या पायावर वाटला जातो. आमच्या तिकडे असंच करायचो. तिकडं मशीन नव्हतं, पण वेळ होता." ओली पट्टी ते कुंभारासारखी अंगठ्यानं दाबत होते. मी भिंतीकडे बघत होतो.

"तुम्ही स्वतःच्या पायाकडे काहून बघत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. माझ्या वडिलांनाही साखर होती. साताऱ्याला. थंडीत त्यांचे पाय गार पडायचे म्हणून आई रबराची गरम पाण्याची पिशवी द्यायची. एकदा पाणी जास्त गरम होतं. त्यांना कळलं नाही. फोड आले, मग काळं पडलं, मग पाय गुडघ्याखालून गेला. मी तेव्हा कॉलेजात होतो. ड्रेसिंग बदलायच्या वेळी मी लायब्ररीत जायचो. आई अजूनही म्हणते, माझ्या पिशवीनं गेला.

डॉक्टर थांबले. हाताला ओलं प्लास्टर तसंच. "आईंना पत्र टाका," ते म्हणाले. "लिहा, पिशवीचा दोष नाही. पायानं ओरडायला हवं होतं, तो ओरडला नाही." आणि पुन्हा पट्टी गुंडाळू लागले.

लोक विचारायचे, पाय कसा मोडला? मी आधी जिन्यावरून पडलो म्हणायचो, मग वजन येईना म्हणून स्कीइंग म्हणू लागलो. सप्टेंबरात. डॉक्टरांचा हुकूम होता की बसून राहायचं. त्याची तपासणी ते ऑफिसच्या फोनवर करायचे, दिवसातून कधीही. पहिल्या घंटीला उचलला की एवढंच म्हणायचे, "बसलेले आहात. ठेवतो." चौथ्या घंटीला उचलला की काही न बोलता नुसता श्वास ऐकायचे. माझ्या साहेबाला वाटलं माझ्यामागे कोणी सावकार लागलाय.

तीन आठवड्यांत जखम निम्मी भरली, आणि सासू-सासरे पुण्याहून आले. भारतातून पाहुणे आले की त्यांना नायगारा दाखवायचाच असतो. त्याशिवाय त्यांचा व्हिसा फुकट गेला असं आमच्याकडे समजतात. बायको म्हणाली, "मी नेते, तुम्ही घरी बसा." पण जावयानं घरी बसायचं? सासऱ्यांच्या देखत? मी प्लास्टरवर इंडियन ग्रोसरीची प्लॅस्टिक पिशवी बांधली आणि धबधब्याखाली जाणाऱ्या बोटीत सर्वांत पुढे जाऊन उभा राहिलो. पिशवीला तळाशी भोक होतं. मला थंड पाणी कळलं असतं तर ना! परत आलो तेव्हा प्लास्टर चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं.

डॉक्टरांनी ते कापून काढलं. आत जखम पांढरी, भिजलेली, पुन्हा उघडलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या जगाला तुम्ही म्हणणारा तो माणूस मला म्हणाला, "तू माणूस आहेस का रे? नायगारा कुठं पळून चालला होता?" बायको रडायला लागली. सासरे भिंतीवरचं पायाच्या हाडांचं चित्र लक्ष देऊन वाचू लागले.

सर्जन म्हणाला, आता पुरे, तारीख ठरवू. डॉक्टर त्याला बाहेर घेऊन गेले. काचेतून नुसते हात दिसत होते. परत आल्यावर म्हणाले, "चार आठवडे. त्याहून एक दिवस जास्त नाही. चार आठवड्यांत भरलं नाही तर मी स्वतः तुमचा पाय धरून त्याच्यासमोर ठेवीन, तसा शब्द दिलाय."

त्या चार आठवड्यांत मी इतका बसलो की सासूबाईंनी नजर काढली. साखरेचं रोज बोट टोचून मोजमाप. मोदक सोडा, चहातली साखर गेली, भात गेला. फोन पहिल्या घंटीला. आईला पत्र लिहिलं.

शेवटच्या दिवशी प्लास्टर कापायची करवत घरघरत असताना मी छताकडे बघत होतो. खोलीत सर्जन होता, बायको होती. करवत थांबली. 

"काय झालं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या हातात दाढीचा छोटा आरसा दिला. "बघा."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगणार नाही. वहिनींनाही बोलू नका म्हणालोय."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आरसा पायाखाली धरायला मला किती वेळ लागला माहीत नाही. आधी फरशी दिसली, मग डॉक्टरांचे घरातले बूट, आणि मग एकदाची टाच. टाचेवरून वर सरकलो. सुरकुतलेला, पांढराफटक, कोणातरी म्हाताऱ्याचा असावा तसा तळवा. अंगठ्यामागे, जखम होती तिथे, नव्या गुलाबी कातडीचा एक डाग. बंद. अंगठा जागेवर. शेजारचं बोटही जागेवर.

सर्जननं डॉक्टरांच्या हातात हात दिला आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेला. बायको मग बोलायला लागली ती थांबेना. नऊ आठवड्यांचं सगळं तिनं तिथेच बोलून घेतलं.

ती दमल्यावर मी विचारलं, "आता टोचलं तर कळेल ना मला?"

"नाही," डॉक्टर ती धाग्याची काडी खिशात ठेवत म्हणाले. "साखर आवरलीत तर आहे तेवढ्या नसा टिकतील. गेलेल्यांची आशा धरू नका. ती जागा पुन्हा फुटू शकते. नसांचं काम आता डोळ्यांनी करायचं. रोज सकाळी, दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट."

"रोज? असं किती दिवस?"

डॉक्टरांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "पाय आहे तितके दिवस."

डॉक्टर गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त झालो, मुलगी तिच्या संसारात. सकाळी मी बाथरूममध्ये स्टुलावर आरसा घेऊन बसतो आणि चांगला वेळ लावतो. बाहेर बायको खोळंबलेली असते.

"अहो, आटपलं का?"

"थांब गं," मी आतून म्हणतो. "आठ बोटं झालीत. दोन बघायची राहिलीत."